लोंढा

पिकलेल्या पेरूंचा वास आला की मला इंदापूरचा एसटी स्टँड आठवतो. मला पुण्याच्या गाडीत बसवायला आई सणसरहून आली होती आणि पेरूंची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. तेवढ्यात ऑफिसातल्या सहकाऱ्याचा फोन आला. दूरच्या एका ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानावर इलेक्ट्रॉन मोजणारं आमचं यंत्र होतं, आणि ते अचानक कल्पनेपलीकडचे आकडे पाठवू लागलं होतं. इलेक्ट्रॉनचा एवढा लोंढा खरंच आला असेल, तर यंत्र जळण्याची भीती होती. “मॅडम, बंद करू का? लगेच सांगा.” माझा चेहरा बघून आईनं विचारलं, “काय झालं गं?” मी म्हटलं, “यंत्र फार मोजतंय.” ती म्हणाली, “मोजायलाच धाडलंय न्हवं त्याला? मग मोजू दे की.” मी फोनवर म्हणाले, “बंद करा.” पुढं यंत्र पुन्हा चालू केलं, तेव्हा आकडे नेहमीसारखे होते. तो लोंढा खरा होता की यंत्राची चूक, हे आजही कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही.