आप्पांची सोंगटी

लग्न होऊन मी वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला आले, ती ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. सासरे, म्हणजे आप्पा, बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झाले होते आणि काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. दुपारी घरात आम्ही दोघंच असायचो, म्हणून त्यांनी मला डॉमिनो शिकवला. दोन्ही टोकांना ठिपके कोरलेल्या अठ्ठावीस चपट्या सोंगट्या पालथ्या घालून मिसळायच्या, सात-सात घ्यायच्या आणि समोरच्याला ठिपके दिसणार नाहीत अशा उभ्या करायच्या. मांडलेल्या ओळीच्या टोकाला जितके ठिपके असतील, तितक्याच ठिपक्यांची बाजू तिथे जोडायची. तशी सोंगटी नसेल तर ढिगातून उचलत राहायचं. ज्याच्या आधी संपतील तो जिंकला. आप्पा कोरलेले ठिपके बोटांनी वाचायचे आणि मला रोज हरवायचे.

पुढे मधुमेहाने त्यांची बोटं बधिर झाली. एका दुपारी त्यांनी एकच सोंगटी कितीतरी वेळ चाचपली आणि माझ्यापुढे धरली.

"सूनबाई, बघ गं, किती आहेत?"

"पाच आणि दोन, आप्पा."

दुसरीही त्यांनी तशीच पुढे केली. तिसरी उचलली आणि थांबले.

"माझ्या सगळ्या सोंगट्या तुला कळल्या, तर खेळ कसला?"

"मी लक्षात नाही ठेवणार," मी म्हटलं. ते माझं मलाच खोटं वाटलं.

त्यांनी आपल्या सोंगट्या एकेक करून पालथ्या घातल्या. चहा ठेवू का, एवढंच मला विचारता आलं.

"ठेव," ते म्हणाले.