घरचा कापूस बुडेना

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी वार्षिक पाठाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि मला विज्ञान आलं. माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण नेरची. तिलाही विज्ञानच. चिठ्ठीकडे बघत ती म्हणाली, "मराठी आलं असतं तं बरं झालं असतं वं. कविता ऐन टायमाले उलटत नाई."

आम्हा बहुतेक छात्राध्यापिकांचं मत हेच होतं. मराठीला गोड आवाज पुरतो, इतिहासाला एक नकाशा. गणितात चूक झाली तर ती फळ्यावर सगळ्यांना दिसते. आणि विज्ञानात वस्तू परीक्षकांसमोर मनाला येईल तशा वागतात. म्हणून विज्ञान म्हटलं की जिची तिची मेणबत्ती आणि काचेचा ग्लास. ग्लास पालथा घातला, ज्योत विझली, पाठ आटोपला.

अडचण एकच. दिग्रसच्या ज्या शाळेत आम्ही सराव करायचो, तिथल्या मुलांनी दरवर्षी नव्या नव्या मॅडमकडून हीच मेणबत्ती पाहिली होती. आम्ही काडी ओढण्याआधीच पाचवीचा वर्ग एका सुरात ओरडायचा, "विझते, मॅडम!"

मला मात्र पहिल्या फटक्यात पास व्हायचं होतं. त्या वर्षांत कापूस पिकत होता, पण विकला जात नव्हता. पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीला डी.एड.ला पाठवायचं घरी ठरलं होतं, आणि दोघींना एकदम बाहेर ठेवणं जमणारं नव्हतं. मी अडकले की ती घरी बसणार, इतकी ती गोष्ट सरळ होती.

"मंग मेणबत्तीच घे ना," मैत्रीण म्हणाली. "तुले पास व्हाचं हाय का शोध लावाचा हाय?"

"परीक्षक बाई सकाळपासून मेणबत्त्याच पाहणार," मी म्हटलं. "मी वेगळं काही घेते."

मी विषय घेतला पाणी शोषणाऱ्या आणि न शोषणाऱ्या वस्तूंचा. वीट, खडू, कापूस, प्लास्टिकची पिशवी आणि तेल लावलेला कागद, त्यासाठी गोडेतेलाची छोटी बाटली. टाचण लिहून काढलं. टाचणात डावीकडे आपण काय विचारणार ते, उजवीकडे मुलं काय उत्तर देणार तेही आधीच लिहायचं असतं. मला ती पद्धत फार आवडायची. खोलीवर रंगीत तालीम केली. मेडिकलमधून आणलेला निळ्या कागदातला कापूस पाण्यात टाकताच बुडाला.

त्याच रविवारी आर्णीजवळच्या आमच्या गावी गेले. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, झोपायला भिंतीकडची एक पट्टी उरलेली. मनात आलं, घरात एवढा ढीग असताना कापूसवाल्याच्या पोरीनं कापूस विकत आणायचा? मूठभर उचलला, सरकी काढली, पिशवीत भरला. पुन्हा तालीम करायची गरज वाटली नाही. कापूस तो कापूस.

पाठाच्या दिवशी परीक्षक बाई मागच्या बाकावर बसल्या. वीट झाली, खडू झाला. मी कापूस उचलला तसा वर्ग गरजला, "बुडते, मॅडम! पाणी पेते!"

अगदी टाचणातलं उत्तर. मी कापूस पाण्यात सोडला. तो बदकासारखा तरंगला.

पेन्सिलीनं दाबला. वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर, आणि वरून कोरडाच. मी टाचणाकडे पाहिलं. उजव्या बाजूला याचं उत्तर नव्हतं. मग मागून एक आवाज आला, "मॅडम, हा बीटी हाये काय?" आणि सगळा वर्ग हसत सुटला.

मीही हसले. म्हटलं, "मलाही माहीत नाही. काय झालं असेल?"

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "आमची आजी घरच्याच कापसाची वात करते. थे तं तेल पेते, मॅडम."

तेलाची बाटली समोरच होती. दुसरा बोळा तेलात टाकला. क्षणात ओला होऊन खाली बसला. मुलं बाकांवर उभी राहिली.

"मंग पाणी काहून पेत नाई?"

"त्याले आंधीच तेल लागलं असन!"

"हाव! डोक्शाले तेल लावलं का पाणी घसरते, तसं!"

"मंग साबण लावा ना त्याले!"

शाळेच्या मावशींकडून धुण्याची पावडर आणली, दुसऱ्या ग्लासात ढवळली आणि घरच्याच कापसाचा कोरडा बोळा त्यात सोडला. तो जरा रेंगाळला, एका कडेनं भिजला आणि खाली गेला. मेडिकलचा कापूस आधीच धुऊन त्याचं तेल काढलेलं असतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. टाळ्या पडल्या. पाहते तर परीक्षक बाई टेबलाशी उभ्या, आणि माझी पेन्सिल त्यांच्या हातात. त्या पहिल्या ग्लासातला बोळा बुडवून बघत होत्या.

"टाचणात हे कुठंय?" त्यांनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"पाठ संपला की लिहून ठेवा. मग मी सही करते."

जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच वर्गात मैत्रिणीचा पाठ होता. बाहेर आली ती तणतणतच. "काय भूत घातलं वं तू त्या पोट्ट्यायच्या डोक्शात? मेणबत्ती विझली, म्या म्हटलं झालं. तं म्हणे, काहून विझली, पुन्हा लावा, मोठा ग्लास आणा! एक पोट्टं तं म्हणे, साबण टाकून पाहा!"

आम्ही दोघीही पास झालो. पुढच्या वर्षी आर्णीच्या स्टँडवर धाकटीला दिग्रसच्या गाडीत बसवताना मी तिच्या सामानाची यादी दोनदा तपासली. मग खिडकीतून एक पिशवी आत दिली. तिच्यात दोन पुड्या होत्या, एक घरच्या कापसाची आणि एक मेडिकलच्या.

"दोन कायले?" ती म्हणाली.

"दोन्ही पाण्यात टाकून पाह्य," मी म्हटलं, आणि गाडी सुटली.