गच्चीवरचा हुंकार

कंपनीनं तो लॅपटॉप दिला तेव्हा बाबांनी तो एका हातावर तोलून पाहिला आणि म्हणाले, "नमुन्यांच्या एका गठ्ठ्याएवढाही नाही गं. यात तुझं सगळं ऑफिस?"

बाबा वनस्पतिशास्त्रज्ञ होते. तराईच्या जंगलांत झाडपाला गोळा करायचा, वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवायचा, त्याचे गठ्ठे पाठीवर वाहून लखनौला आणायचे, यात त्यांची सगळी नोकरी गेली. सांगलीकडून आलेला हा माणूस अलीगंजमध्ये घर बांधून इथलाच झाला. वजनाची पारख त्यांच्या हाताला अजून होती. डोळे मात्र काचबिंदूनं नेले होते. उजेड, अंधार आणि समोरच्या माणसाचा आकार, एवढंच दिसायचं.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम बघायचे. प्रयोगशाळांना वजनकाटे आणि तसलीच उपकरणं विकायची, त्यांची देखभाल बघायची. एखादा दिवस कानपूर, एखादा दिवस हज़रतगंजमधलं कुठलं तरी ऑफिस, बाकी सगळं घरून. हलका लॅपटॉप पिशवीत टाकला की निघाले. बढती घेऊन पुण्याला जाता आलं असतं, पण बाबांसाठी मी ती नाकारली होती, आणि ही गोष्ट चारचौघांना कळेल याची काळजीही घेतली होती. त्यागाची मला जरा हौसच होती.

त्या हिवाळ्यात आम्ही रोज गच्चीवर बसायचो. लखनौची थंडी घरात जास्त बोचते, म्हणून दहा वाजले की सगळी कॉलनी उन्हात येते. वेताचे दोन बुटके मोढे बसायला, शेंगदाण्यांची पुडी, मांडीवर लॅपटॉप, त्याला खोचलेलं डेटा कार्ड आणि एका कानात पुण्याची मीटिंग. दुसरा कान बाबांसाठी मोकळा ठेवला होता, असं मी स्वतःला सांगायचे.

बाबा बोलत असायचे. सुरुवात तराईतल्या जळवांपासून, मग तो पुरात अडकलेला नावाडी, मग वाघाचे ठसे. हे सगळं मला पाठ होतं. मी मेल लिहीत राहायचे आणि मधे मधे "हं" म्हणायचे.

ही "हं"ची सवय जुनी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्यानंतर संध्याकाळी वीज गेली की बाबा मला याच गच्चीवर गोष्टी सांगायचे. अट एकच, हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली, मग वाघ नदीच्या मधोमध का असेना. त्यामुळे बाबांचा आवाज कानावर पडला की माझा गळा आपोआप "हं" म्हणतो. त्यासाठी ऐकावं लागत नाही.

आईबद्दल मात्र ते कधी बोलले नव्हते. लहानपणी मी विचारलं की उठून कुंड्यांना पाणी घालायला जायचे. कुंड्या भरून वाहायला लागल्या तरी घालत राहायचे. पुढे मी विचारणं सोडलं. भिंतीवरचा एक फोटो आणि तिच्या पदराला येणारा हिंगाचा वास, यापलीकडे मला आई नव्हती.

हिवाळा सरत आला होता. एक दिवस शेजारच्या आंटी गच्चीची बुटकी भिंत ओलांडून पेरू घेऊन आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाई साहब, बिटिया हो तो ऐसी। सारा दिन आपके पास बैठी रहती है।"

मी विनयानं हसले. हे मला आवडायचं.

"सिर्फ़ बैठती नहीं," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "मैं जो बोलता हूँ, सब इसमें लिख रही है। पूरी सर्दियाँ निकल गईं।"

माझी बोटं जागीच थांबली. त्यांनी कधी तरी विचारलं असणार, लिहून घेशील का? आणि मी म्हटलं असणार, हं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. कळफलकाचा आवाज येत होता, हुंकार येत होता. दिसत नसलेल्या माणसाला आणखी काय पुरावा हवा?

"अरे वाह! तो सुनाओ न," आंटी बुटक्या भिंतीवर टेकल्या.

"मराठी में है, आप समझेंगी नहीं," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तरी वाच. आईचं वाच, बाळ. दवाखान्याचं नको. ती पहिल्यांदा लखनौला आली, ते."

आईचं. म्हणजे जळवा आणि वाघ संपल्यावर केव्हा तरी ते आईकडे आले होते. इतक्या वर्षांनी, माझ्यापासून हातभर अंतरावर. पडद्यावर एका वजनकाट्याच्या तपासणीचा मेल उघडा होता.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. आंटी बसल्या होत्या, आणि नुकतंच ऐकलेलं कौतुक माझ्याच्यानं सोडवेना. मी त्या मेलकडे बघत वाचू लागले.

"ती आली तेव्हा थंडी होती."

"हं," बाबा म्हणाले.

"चारबाग स्टेशनवर धुकं होतं. तिच्या अंगावर हिरवी साडी होती."

"हं." हा जरा उशिरा आला.

"तुम्ही तिला घ्यायला गेला होतात. तिच्या हातातली ट्रंक तुम्ही घेतलीत."

हुंकार आला नाही. मी आणखी एक वाक्य रचलं. तरी आला नाही. मग मी थांबले.

बाबांचे डोळे भरले होते. आंटींनी पदर तोंडाला लावला. "कितना अच्छा लिखा होगा," त्या म्हणाल्या.

"हाँ," बाबा म्हणाले. "बहुत अच्छा लिखा है।"

आंटी गेल्या. मी "बाबा" म्हटलं. त्यांनी हात पुढे केला, चाचपडत लॅपटॉपच्या कडेवर ठेवला आणि म्हणाले, "ऑफिसचं काम खोळंबलं असेल तुझं. कर." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. कोरी फाइल उघडली, त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "बाबा, सांगा ना. आता मी खरंच लिहिते."

त्यांनी तोंड उन्हाकडे वळवलं. मग म्हणाले, "धीर एकदाच होतो गं असलं सांगायचा." आणि कुंड्यांना पाणी घालायला उठले. दिसत नव्हतं, पाणी फरशीवर सांडत होतं. मी अडवलं नाही.

पुढच्या थंडीत ते नव्हते.

तो लॅपटॉप आता चालत नाही, पण त्यातलं सगळं मी उतरवून ठेवलं आहे. त्या हिवाळ्यात मी टाइप केलेला एकूण एक शब्द जपलेला आहे. प्रत्येक मेलवर दिवस आहे, वेळ आहे. सकाळी अकरा चाळीस, सोबत तपासणीचा अहवाल जोडला आहे. बारा पाच, माल सोमवारपर्यंत पोहोचेल. मी एकेक मेल उघडते, वेळ बघते, डोळे मिटते आणि हे लिहीत असताना बाबा काय सांगत होते ते आठवायचा प्रयत्न करते. आई स्टेशनवर एकटीच उतरली होती का? तिची साडी कुठल्या रंगाची होती?

कळफलकाचा आवाज आठवतो. ऊन आठवतं. आणि माझा स्वतःचा "हं" स्पष्ट ऐकू येतो.