कुंकवापलीकडचं मत

"त्यांना नको. त्यांचं मत धरलेलंच आहे."

दारातली बाई हळू बोलली होती. पण आमच्या दाराजवळची जागा अरुंद आहे आणि मी तिथेच वाकून चप्पल शोधत होते, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं. महापालिकेच्या निवडणुकीच्या प्रचाराला आलेल्या तिघीजणी होत्या. दार आत्याने उघडलं होतं. करंडा धरलेल्या बाईचं बोट कुंकवात बुडालं, आत्याच्या कपाळाच्या दिशेने निघालं, आणि ते वाक्य ऐकून अर्ध्यातूनच मागे आलं.

"वहिनी आहेत का घरात, मावशी?" तिने आत्यालाच विचारलं.

आत्या बाजूला झाली. आई पदराला हात पुसत बाहेर आली, तिला कुंकू लागलं, बोलावणं मिळालं. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू, उमेदवार ताई स्वतः येणार.

"मुलीलाही आणा. पहिलंच मतदान ना गं? पप्पा सांगतील ते बटण दाबायचं, झालं!"

मी हसले. मला काही सुचलं नाही की मी हसते. माझं शिक्षण छावणीतल्या इंग्रजी शाळेत झालं. मनातल्या मनात मी दोन्ही भाषांत भांडते आणि तोंडातून एकाही भाषेत काही निघत नाही. घरच्यांना ही माझी शालीनता वाटते.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. यजमान गेल्यापासून ती उस्मानपुऱ्यात आमच्याकडेच राहते. आमच्याकडे नळाला कधी चार दिवसांनी पाणी येतं, कधी आठ. आलं की ते कळतं आत्याला. टाकी, पिंप, कळशा, शेवटी झाडांची बादली, सगळं तीच भरते. त्या आठवड्यात तिचं एकच पालुपद होतं: "येऊ तर दे मत मागायला. विचारतेच, पाण्याचं काय करणार आहात ते." सकाळी तिने मोतिया रंगाची साडी इस्त्री करून ठेवली होती. दार लागल्यावर ती साडी तिने परत कपाटात ठेवली.

"माझं मत धरलंय म्हणं," ती मला म्हणाली. "कुणी धरलं गं? कुंकू पुसलं तेव्हा शाई लावायचं बोट बी तोडून नेलं का काय?"

ती हसली. मीही हसले, आणि या वेळी मला स्वतःचं हसणं आवडलं नाही.

शाळेत आम्हाला बायकांच्या मताधिकाराचा एक धडा होता. त्यात दूरदेशीच्या बायका होत्या. मोठ्या टोप्या, कुंपणाला बांधून घेणं, तुरुंगातले उपास. परीक्षेत मला त्यावर पैकीच्या पैकी गुण होते. आपल्याकडच्या बायकांनी हे मागितलं होतं, हे मला कॉलेजात गेल्यावर, ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकामुळे कळलं. मी दुसरंच काही शोधत होते, आणि मग दुपारभर तिथेच बसले.

इंग्रजांच्या राज्यात, नऊवारी नेसून, पाठ ताठ ठेवून या बायका गोऱ्या साहेबांपुढे मताचा अर्ज घेऊन गेल्या होत्या. त्यांना मिळालेली उत्तरं वाचताना मला सारखं आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या बोलण्याची आठवण येत होती. बाई नवऱ्यासारखंच मत देणार, मग एकच मत दोनदा कशाला मोजायचं? आणि वेगळं दिलं तर घर फुटेल, त्याचं काय? म्हणजे तिने कसंही मत दिलं तरी ते नकोच. त्या काळी मत द्यायला नावावर काही मालमत्ता लागायची. ती बायकांकडे कुठून असणार? मग तोडगा निघाला, की मालमत्ता असलेल्याची पत्नी असेल तर तिलाही मत द्यावं. मला वाटलं, त्या खूश झाल्या असतील. मिळतंय ते घ्यावं, पुढचं पुढे, असं मी तरी म्हटलं असतं. पण त्यांच्यातल्या कितीतरी जणी नाही म्हणाल्या. आम्हाला कुणाची बायको म्हणून मत नको, माणूस म्हणून हवं आणि सगळ्यांना हवं, अशी त्यांची श्रद्धा होती. श्रद्धाच म्हणायला हवी, कारण हाती काहीच नसताना त्या मिळणारी गोष्ट नाकारत होत्या. आमचं शहर तर तेव्हा निजामाच्या राज्यात. इथल्या बायकांपर्यंत मत पोचायला आणखी बराच काळ जायचा होता. ते ज्यांच्यापर्यंत पोचलं त्यांच्यात माझी आत्याही येते. आणि तिचं मत त्या दिवशी आमच्या दारात पुन्हा कुंकवाला बांधलं गेलं होतं.

"मी नाही येणार," मी आईला म्हणाले.

"येणारेस. शेजारी राहायचंय आपल्याला. आणि तिथं काही बोलू नकोस हं." मग तिलाच हसू आलं. "तू कसली बोलतेस म्हणा."

पार्किंगमधल्या गाड्या हलवून खुर्च्या मांडल्या होत्या. मागच्या फलकावर उमेदवार ताईंचा फोटो होता आणि त्याहून मोठा त्यांच्या यजमानांचा. माईक यजमानांच्याच हातात होता. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला म्हणून ताई उभ्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. "आमच्या सौभाग्यवती भगिनींनो," ते म्हणाले, आणि रस्ते, दिवे, पाणी, सगळ्याचं बोलले. ताई शेजारी करंडा घेऊन उभ्या होत्या. एकेका बाईला कुंकू लावत होत्या, तिळगूळ आणि स्टीलचा डबा देत होत्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. न बोलणारं माणूस मला लांबून ओळखू येतं. त्या खाली बघत होत्या, पण ऐकत सगळं होत्या.

आमची पाळी आली. आईला कुंकू लागलं, डबा मिळाला. मला टिकलीएवढं कुंकू आणि डबा. सकाळचीच ती प्रचारवाली बाई तिसरा डबा आईच्या हातात ठेवत म्हणाली, "हा वरच्या मावशींना द्या. इथं काही त्यांना बोलावता येत नाही ना. पण मत आपलंच बरं का!"

"हो हो, देते," आई म्हणाली.

मागे बायकांची रांग होती. कुणीतरी म्हणालं, "सरक ना गं बाळा पुढं." मी आईच्या हातातून तो डबा काढला, माझा त्यावर ठेवला आणि दोन्ही टेबलावर परत ठेवले. आईने माझं कोपर धरलं. यजमानांनी माईक खाली घेतला. "काय झालं बेटा, डबा आवडला नाही का?" दोघीतिघी हसल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली होती.

"ताई, माझी आत्या दुसऱ्या मजल्यावर आहे," मी म्हणाले. आवाज कापत होता, पण मी तो तसाच कापू दिला. "तिला तुम्हाला पाण्याचं विचारायचंय. तुम्हालाच. तिला खाली बोलवा, इथं सगळ्यांमध्ये खुर्ची द्या आणि उत्तर द्या. तोवर तिचं मत धरू नका. आणि माझंही नाही."