पिशवीतला फोटो

नारळावरच्या ओल्या हळदीचा वास आला की मला दिग्रसजवळच्या आमच्या गावातली ग्रामपंचायतीची ती निवडणूक आठवते. मतदानाच्या आदल्या दुपारी एका उमेदवाराची दोन माणसं एक मोठी कापडी पिशवी घेऊन घरोघर मतासाठी शपथा घालत फिरत होती. शेजारच्यांनी हळद लावलेल्या नारळावर हात ठेवून मत कबूल केलं, आणि मग ती माणसं आमच्या अंगणात आली. बाबा सायकलचं पंक्चर काढत होते. "आमचं बौद्धाचं घर हाय भाऊ, नारळाची शपथ इथं चालत नाही," ते निवांतपणे म्हणाले. "मालूम हाय नं काका, तुमच्यासाठी हे आनलं," म्हणत एकाने पिशवीतून बुद्धाचा फोटो काढला, बाहीने पुसला आणि समोर धरला. त्या पिशवीत प्रत्येक घराची सोय होती, कोणालाही वगळलं नव्हतं. फोटोला नाही कसं म्हणावं, ते बाबांना सुचेना. सारी गल्ली बघत होती. त्यांनी काळे झालेले हात धुतले आणि तळवा काचेवर ठेवला. फोटो परत नारळाशेजारी पिशवीत गेला. दुसऱ्या दिवशी बाबांनी मनात नसलेल्या त्याच उमेदवाराला मत दिलं. "कायले देलं?" आईने विचारलं. "नारळावर हात ठेवला असता तं मोकळा राह्यलो असतो," बाबा म्हणाले, "पन बुद्धासमोर खोटं कसं बोलू?" आता यवतमाळात माझ्या दारी तशी पिशवी घेऊन कार्यकर्ते आले की मी आधीच नारळ मागते. ते हसतात, आणि फोटोच काढतात.