मावशीची विहीर आणि तहकूब सभा

स्टेशनकडून माणिकपूरला येताना जी पहिली उंच इमारत लागते, खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं अशी, तिला आमच्या आळीनं कधीच होकार दिला नव्हता. हे आधीच सांगून टाकते. कारण आता जो तो म्हणतो, गावानं ठराव केला, गावालाच ती हवी होती. ठराव झाला हे खरं. तो झाला तेव्हा गाव तिथं नव्हतं, हेही तितकंच खरं. आणि ही दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहायला बसले.

त्या जागी चिकूची वाडी होती. मालक मुंबईला स्थायिक झाला आणि त्यानं ती एका बिल्डरला विकली. वाडीच्या टोकाला एक बावखल होतं आणि बावखलाला लागूनच आमच्या शेजारच्या मावशीची केळीची बाग. बावखल म्हणजे नुसतं तळं नव्हे. आमच्या पणज्यांनी मुद्दाम खणलेला तो खड्डा. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि आजूबाजूच्या विहिरी उन्हाळाभर गोड राहायच्या. आमच्याकडे जमिनीखाली खाडी टपूनच बसलेली असते. वरून गोड पाण्याचा दाब कमी झाला की ती आत शिरते. बिल्डरच्या नकाशात मात्र त्या जागी दोनच शब्द होते, ‘डबकं, बुजवणे’. त्याच्यावर इमारतीचा मागचा जिना यायचा होता.

मावशी विधवा. दोन मुलगे, बाग आणि विहीर, एवढाच तिचा संसार. माहेर मिठागराकडचं, त्यामुळे तिच्या तोंडी पाणी कायम ‘पानी’. खारं पाणी काय करतं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मी तेव्हा कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते आणि आमच्या युवक मंडळाची पत्रकं लिहीत होते. सायक्लोस्टाइलची शाई नखांत, डोक्यात आग. रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या फाटकाशी उभी राहून पत्रकं वाटायची. इमारतीविरुद्धच्या पहिल्या पत्रकात भांडवलशाहीचा अजगर होता, हिरव्या वसईचा गळा होता, आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. मावशीला वाचता येत नव्हतं. तिनं मला बाजूला ओढलं.

“काय लिवलंस ते वाच.”

मी वाचलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बाय, एवढी रागावतेस कुनावर? आनि यात माजी विहीर कुटे हाय?”

“येते ना मावशी, पर्यावरणात येते.”

“पर्यावरनात नको. सरळ लिव्ह, बावखल बुजवलं तर पानी खारं व्हईल. येवढंच लिव्ह.”

एवढ्यानं काय पत्रक होतं, असं मला वाटलं. सरपंच तिथंच उभे होते. आमच्याच गावचे, नात्यातलेही, पत्रक घडी घालून खिशात ठेवणारे. “पोरी, तुझं शुद्धलेखन फार छान,” ते हसत म्हणाले. “माझ्या मुलीला शिकवायला ये.” भोवतीची माणसं हसली. मीही तोंडावर बोलले, “काका, शिकवायला येते, पण आधी बावखल वाचवा.” ते अजून हसले. हसणं हेच त्यांचं राजकारण होतं.

इमारतीला ना हरकत द्यायची की नाही हे ग्रामसभेत ठरणार होतं. आमच्या बाजूला माणसं होती. आळीतला प्रत्येक जण हात वर करून विरोध करणार, असं घरोघरी फिरून कबूल करून घेतलं होतं. आणि मग पंचायतीनं सभेचा दिवस लावला तो लगीनसराईतला. नेमका मावशीच्या थोरल्याच्या लग्नाचा आदला दिवस, संध्याकाळची वेळ.

आमच्याकडची रीत अशी की लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात. पुढे बँड, मागे कळशा घेतलेल्या आत्या-मावश्या, गाणी, चेष्टा. विहिरीतून पाणी शेंदायचं, मांडवात आणायचं आणि त्या पाण्यानं नवऱ्याला अंघोळ घालायची. या पाण्याला आळीतलं घर आलं नाही, तर ते घर रुसलंय असं धरतात. तेव्हा कोण येणार सभेला? मी सगळ्यांना विनवलं. “अगो, पाणी आणून लगेच येतो,” म्हणाले सगळे. लगेच! बँड सुरू झाल्यावर आमच्या आळीत ‘लगेच’ नावाची गोष्ट उरत नाही.

मी एकटी पंचायतीच्या सभागृहात जाऊन बसले. सरपंच, दोन-चार सदस्य, बिल्डरची माणसं आणि मी. बाकी रिकाम्या सतरंज्या. लांबून बँड ऐकू येत होता. सरपंचांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“कोरम नाही. पुरेशी माणसं जमली नाहीत,” ते म्हणाले. “सभा तहकूब.”

मी धावतच निघाले. विहिरीवर पोचले तेव्हा मावशी रहाट ओढत होती, नवी साडी भिजलेली. मी ओरडले, “सभा बुडाली! कोरमच झाला नाही!” क्षणभर कुणाला कळलं नाही, मग एकदम कल्ला उठला. आळीतले एक आजोबा बँडवाल्याला म्हणाले, “वाजव रे बाबा, आज कळशीनं पंचायतीला हरवलं!” मावशीनं ओंजळभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. गार, गोड पाणी. मी आयुष्यात इतकी हसलेली मला आठवत नाही.

पंचायतीच्या फळ्यावर लगेचच चिठ्ठी लागली, तहकूब सभा पुढच्या आठवड्यात. चर्चच्या फाटकाशी त्यावर चर्चा झाली आणि सगळ्यांचं एकमत झालं. कसलं जायचं? आपण गेलो नाही म्हणून सभा बुडाली. पुन्हा गेलो नाही, पुन्हा बुडेल. गेलो तर उलट आपल्याच माणसांनी त्यांचा कोरम भरायचा. आजोबा म्हणाले, “घरी बसा आणि जिंका. असली लढाई मला आवडते बघ.” मलाही ते पटलं. कुणालाही पटलं असतं. बहिष्कार हा शब्द आमच्या पत्रकांत किती मोठ्या अक्षरात असायचा!

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी पंचायतीत गेले, ती टोमणा मारायलाच. “काय काका, बुडाली ना परत?”

“बुडाली कुठं? झाली की. ठराव मंजूर.”

“माणसं किती होती?”

“होती तेवढी पुरली. तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही बाय.” आवाजात विजय नव्हता, हेच मला जास्त लागलं. “पुढच्या वेळी कायदा वाच. पत्रकं तर सगळेच वाचतात.”

“तुम्हाला कायदा माहीत होता. गावाला सांगितलात का?”

“गावानं विचारलं का?”

मी तिथं काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. एवढं सांगते की लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सभा लावणं ही चूक नव्हती, डाव होता, असं मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते. सरपंचांनी ते नाकारलं नाही. चहा मागवला. मी प्यायले नाही. पण तो डाव यशस्वी झाला तो आमच्या रितीमुळे आणि नंतर आमच्या खुशीमुळे, हे म्हणायला मात्र मला फार वेळ लागला.

मावशीला सांगायला गेले. ती घड कापत होती. ऐकून कोयता खाली ठेवला आणि विचारलं, “मंग मी त्या दिशी काय करायला हवं व्हतं? पोराला आंगोळ न घालता लगीन लावायचं?”

ट्रक आले. लाल माती बावखलात पडायला लागली तेव्हा मासे काठाकडे सरकले, पोरांनी टोपल्या भरभरून ते नेले. त्या दिवशी आळीत बऱ्याच घरी मासळी शिजली. मावशीनं घेतली नाही.

इमारत झाली. खाली औषधाचं दुकान, शिंपी, मिठाईवाला. आळीतली माणसंही तिथंच खरेदीला जायला लागली, आजोबा धरून. वरच्या मजल्यांवर मुंबईत खोली न परवडलेली माणसं आली. वाईट माणसं नव्हती ती, उगाच खोटं कशाला लिहू. पहिल्या मजल्यावरच्या एका ताईंनी तर मला पत्रकं वाटताना उन्हात बघून खुर्ची आणून दिली होती. त्या पत्रकात त्यांच्याच इमारतीबद्दल काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं, “बरोबर आहे तुमचं, पण आम्ही तरी जायचं कुठं?” म्हणाल्या आणि खुर्ची तशीच राहू दिली.

पहिल्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी जरा जड लागलं. पुढच्या उन्हाळ्यात डाळ शिजेना. मग केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, कुणी मेणबत्ती फिरवल्यासारख्या. मावशी रोज सकाळी जिभेवर थेंब ठेवून बघायची आणि रहाटाला लागायची.

धाकट्याच्या लग्नात पुन्हा बँड आला. यंदा पाणी कुठून आणायचं यावर बायकांत कुजबुज झाली. कुणी म्हणाली नातेवाइकांच्या विहिरीवर जाऊ, कुणी म्हणाली शेजारच्या सांडोर गावाला. मावशीनं कळशी उचलली. “या घरचं पानी या घरच्या विहिरीचं,” म्हणाली आणि पुढे चालायला लागली. गाणी म्हटली, पाणी शेंदलं, मांडवात आणलं. नवऱ्याला पाटावर बसवून आत्यांनी साबण चोळला. फेस येईना. पुन्हा चोळला. अंगावर नुसता पांढरा चिकटा. आधी सगळ्या हसल्या, “अरे, पोरगा कातडीनं जाड आहे!” मग हसणं एकेकीचं थांबलं. बँडवालेही थांबले.

वर गॅलरीतून इमारतीतली माणसं मांडव बघत होती. थोड्या वेळानं त्याच ताई बादली घेऊन खाली आल्या. मांडवाच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, “मावशी, टँकरचं आहे, पण गोड आहे. चालेल का?”

सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. मावशीनं बादलीत बोट बुडवलं, जिभेला लावलं. “चालंल,” म्हणाली. “या, तुमीच घाला.”

फेस आला. बँड सुरू झाला. मावशी मात्र मांडवात थांबली नाही. कुदळ घेऊन मागे गेली, न्हाणीच्या पाण्याचा पाट मोकळा केला, आणि ते साबणाचं गोड पाणी थेट केळीच्या बुंध्याशी पोचतंय का, ते वाकून बघत राहिली.