तुळसाबाईची राखण

कामरगावच्या बाजारात माह्या बाजूले तुळसाबाई बसते. वांगे, मेथी, सांभार-कोथिंबीर विकते. बाई तोंडाची मोठी फटकळ! गिऱ्हाईकानं वांगं दाबून पाह्यलं का खेकसलीच, "घेतं का नुसतं चिवळतं?" मीबी काही कमी नाई, म्हणून आमचं जमते. पण पोराच्या बाबतीत तिनं जे केलं, त्याचा मले अजून राग येते, आन तिच्याकडं पाह्यलं का रडू येते.

पोरगा धीरज, एकुलता एक. बाप वारला. अकोल्याले शिकाले होता. दिवाळीले घरी आला तो परत गेलाच नाई. जेवता जेवता थांबे आन म्हणे, "आई, कोणी हाक मारली का?" कोणी मारलीच नसे. रस्त्यानं जाताना त्याले वाटे, लोक आपल्याकडंच पाहून कुजबुजून राह्यले. कारंज्याच्या डॉक्टरनं त्याले नागपूरले धाडलं. तिथं अशा पोरायच्या मेंदूचे फोटो काढतात म्हणे, पुढं कोणाचं डोकं बिघडू शकते ते अगोदर समजते का, हे पाहासाठी.

मशीनीतून निघाला तो हसत. "आई, आतमंदी लय ठोकठोक होये. तुले बाहेर आली का ऐकू?"

"आली ना."

"मंग ती खरी होती," म्हणे. किती महिन्यानं हसला माय तो!

तवापासून दोघायचं ठरूनच गेलं. शंका आली का तो विचारे, "आई, हे खरं हाये का?" आन ती हो, नाईतं नाई सांगे. तेवढ्यावर पोरगं उभं राह्यलं. वांगे तोडू लागलं, बाजारात पोतं आणून देऊ लागलं.

नागपूरची डॉक्टरीणबाई म्हणाली होती, "फोटोत थोडा फरक दिसतो. पण त्यावरून पक्कं सांगता येत नाही. आजार होईल, कदाचित होणारही नाही. तपासणीला येत राहा, लक्ष ठेवा."

आता आमच्याकडं रीत अशी, का बाजाराले निघालं तं बांधाधुऱ्यावरच्या शेजाऱ्याले सांगून निघा, "बापू, वावराकडं नजर ठेवजो." रानडुक्कर शिरलं का तो आरोळी देते. तुळसाबाईनं पोरासाठीबी तेच केलं! चहावाल्याले सांगतलं, जीपवाल्या जगदेवले सांगतलं, मले सांगतलं, "धीरजकडं पाहत राहाजा, पण त्याले समजू देऊ नोका."

मी म्हटलं, "अवो, पोरगं हाये का हरभऱ्याचं वावर?"

"तू चूप बस," म्हणे.

झालं! पोरगं जाईल तिथं लोकायचे डोये. चहा प्याला का आईले फोन, जीपमंदी बसला का फोन. एक दिवस बाजारातच, माह्यासमोर त्यानं विचारलं, "आई, लोक मले पाहून राह्यले. हे खरं हाये का?"

तुळसाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणे, "नाई रे राजा. तुले भास होते."

त्यानं मान डोलावली. आईवर भरोसा ठेवला, आपल्या डोयावरचा सोडला. आन थोड्याच दिवसानं धनजच्या फाट्यावर जगदेवनं जीप थांबवली, आन पोरगं मागं बसलं असताना फोनवर बोलला, "वयनी, तुमचा धीरज माह्याच गाडीत हाये. नजर हाये माही."

घरी येऊन त्यानं काही विचारलं नाई. जेवण सोडलं. तोंडातल्या तोंडात कोणाशी बोलू लागला. नागपूरले नेलं तं डॉक्टरीणबाई म्हणे, आता आजार आला. तुमच्यामुळंच आला असं नाही बाई, असंबी म्हणे. तुळसाबाईले ते पटलंच नाई.

गोळ्यानं पोरगं जरा शांत झालं, तवा ती त्याच्यापाशी बसली. रडत रडत सारं सांगतलं. "लोक पाहत होते राजा. मीच सांगतलं होतं त्यायले. मी खोटं बोलली."

धीरजनं तिच्या तोंडाकडं लय येळ पाह्यलं. मंग हळूच म्हणे, "हे बोलाले तुले कोणं सांगतलं?"

आता पोरगं बाजारात येते, पोतं ठेवते, गोळीबी येळेवर घेते. विचारत मातर काहीच नाई. तुळसाबाईच मधीच म्हणते, "धीरज, तिकडं बँड वाजून राह्यला. खरंच वाजून राह्यला बाप्पा."

मीबी मोठ्यानं म्हणते, "मलेबी येते रे ऐकू." तो आमच्या दोघींकडंबी पाहत नाई.